मोज्यांचं कपाट

आमच्या मंडळाच्या नियमावलीत, कलम चार :
प्रत्येक सभासदाला दरवर्षी
लोकरी मोज्यांचे दोन जोड.
कलम पाच : न्यूफाउंडलंडच्या समुद्रावरून
घरी एक तार, फुकट, वीस शब्दांपर्यंत.
कलम सात : बुडालेल्याचं शरीर सापडलं नाही
तरी शवपेटी मिळेल.
रिकामी, पण पाइनचीच, पितळी कड्यांसकट.

गाफान्याच्या धक्क्यावरून कॉडच्या मागे जाणारी
शेवटची शिडाची बोट गेली
तेव्हा मी जन्मलेही नव्हते.
वर्गणी मात्र येत राहिली,
मेलेल्या माणसाचा नंबर फोनमध्ये राहतो तशी.

चिटणीसपदाची किल्ली देताना
दोना झुल्मिरा म्हणाल्या, कपाट हळू उघड.
मी एकदम उघडलं.
तीनशे अकरा जोड अंगावर कोसळले
आणि डांबरगोळ्यांचा वास
चार दिवस केसांतून जाईना.

वार्षिक सभेला पाच जण आणि आल्बानोचा कुत्रा.
गणपूर्तीसाठी कुत्राही मोजावा
असा ठराव अर्धवट गमतीत आला,
अनुमोदक मिळाला नाही.

मग पोर्तोहून एक सल्लागार आणला.
त्याने जिममध्ये सवलत सुचवली,
चष्म्यावर दहा टक्के, सिनेमाची कुपनं.
आम्ही छापली, गुळगुळीत कागदावर.
वर्षअखेरचा हिशेब : वापरलेली कुपनं दोन.
दोन्ही माझीच.

तेव्हा वही घेऊन निघाले, दारोदार.
काय हवं, असं विचारलं नाही;
त्यावर लोक म्हणतात, छान चाललंय तुमचं.
विचारलं : गेल्या मंगळवारी कशापायी अडलात?

ग्रासियानो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
पायाची नखं. वाकता येत नाही गं.
बेनिल्दे, इस्पितळातली, दारातच पेंगत :
रात्रपाळी सुटते आठला, पोरीची शाळाही आठची.
एकाने दार लावून घेतलं, तेही लिहून ठेवलं.
आणि शीतगृहामागच्या खोल्यांत
जिथे आमचं कुणी कधी गेलं नव्हतं,
तिमोरहून आलेली ज्युव्हिता :
उणे अठरात आठ तास उभी असते मी.
पाय, ती म्हणाली. फक्त पाय.

मी सभासद नाही, असंही म्हणाली.
मग हो की, म्हटलं,
आणि अशी धावले कपाटाकडे
की वही तिच्याच ओट्यावर राहिली.

अर्ध्या मोज्यांना कसर लागली होती.
ग्रासियानोने जाळ्यांची सुई काढली,
रफू केलं, भोकं मोठी, टाके त्याहून मोठे.
नखं कापायला बेनिल्दे जाते. शाळेचं
अजून जमलेलं नाही. दोनदा ठरलं, दोनदा फिसकटलं.

फेब्रुवारीत ज्युव्हिताची आई गेली, तिकडे बावकावला.
रजा नाही. तिकिटाचे पैसे तर नाहीतच.
ती कचेरीत आली, कार्ड टेबलावर ठेवलं :
कलम सात. शरीर दूर असलं तर चालतं का?

नियमात शब्द आहे ‘बुडालेल्याचं’.
समितीने तासभर त्या शब्दाचा कीस पाडला.
शेवटी आल्बानो कुत्र्याचा पट्टा उचलत म्हणाला,
मधे समुद्र आहे ना? मग झालं.

पेटी आली. पाइनची. कडी पितळी नाही,
पितळी रंगाची; पैसे तेवढेच होते.
तिने आत मूठभर तांदूळ ठेवले
आणि फोनवरून छापून घेतलेला एक फोटो,
शाई ओली, आईच्या गालावर कुणाचा तरी अंगठा उमटलेला.
उचलायला आम्ही सहा जण. दोघांत उचलली असती.

पुढच्या सभेला एकोणतीस.
खुर्च्या कमी पडल्या, कुरबुर झाली,
वर्गणी वाढवायचा विषय निघाला आणि बारगळला.
कुणीतरी म्हणालं, ते कलम पाच काढून टाका आता,
तार कोण करतंय?

मी इतिवृत्तात लिहिलं : निर्णय तहकूब.
वीस शब्द, फुकट, घरी.
कुणाला कशासाठी लागतील ते
मला अजून कुठल्याच दारात कळलेलं नाही.