अकरा मिनिटं

इल्गिझार घड्याळ ठेवतो माझ्या टेबलावर
तापलेल्या पोराला दवाखान्यात ठेवावं तसं.
म्हणतो, आपा, दिवसाला अकरा मिनिटं पुढं पळतंय.
बाहेर कामा नदी गोठलेली,
त्याची टगबोट नोव्हेंबरपासून बर्फात रुतलेली,
आणि घाई कुणाला, तर मनगटाला.

अकरा मिनिटांनी काय बिघडतं, सून विचारते चहा ठेवताना.
मिनिटांचं दुःख नाही गं,
काळ सोकावतो.

मागचं झाकण फिरवून काढते.
वेगाची पट्टी मंदच्या टोकाला टेकलेली,
पुढं सरकायला जागाच नाही,
शेजारी पितळेवर ओरखडा, बारीक, अजून चकाकणारा.
चाकू? मी विचारते.
तो टोपी काढतो. पुन्हा घालतो.

एकतीस वर्षं मी चिस्तोपोलच्या कारखान्यात
वेग लावायच्या खोलीत होते.
चाळीस बायका, चाळीस भिंगं.
बोलायला बंदी नव्हती,
पण श्वास चिमट्यात धरलेला असताना
बोलणार कोण?
एकदा मिन्नूरला शिंक आली
आणि सबंध पाळीची मेहनत
फरशीवर शोधत आम्ही रांगलो.

नातवाच्या दप्तरातलं होकायंत्र घड्याळाजवळ नेते.
लोहचुंबकाची बाधा असती तर सुई थरथरली असती.
सुई उत्तरेकडं बघत राहते,
बाजारात ओळख न दाखवणाऱ्या विहिणीसारखी.

मग बालकमान.
केसाहून बारीक, श्वास घेते ती.
आत, बाहेर, आत.
हिचे दोन वेढे चिकटलेत एकमेकांना,
मध्ये तेलाचा एक थेंब, भिंगाखाली तळ्याएवढा.
कमान तेवढी आखूड झाली,
श्वास तोकडा झाला,
म्हणून ही धाप.

तेल घातलंस?
थोडंसं.
कसलं?
शिलाई मशीनचं. राझिनाच्या.
किती थोडंसं?
तो अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवतो.
हीच बोटं इंजिनात डबाडबा ओततात.

खाली बघत सांगतो,
घरात काही कुरकुरलं की ती तेल सोडायची,
दार, कात्री, पाळणा,
कधी कधी मी.
आता बाटली नुसती पडून होती.

मी काही म्हणत नाही.
बेंझिनच्या वाटीत कमान बुडवते,
उचलते, पुन्हा बुडवते,
मऊ कागदाच्या कडेवर निथळू देते.
वेढे सुटतात.
एवढंच. दहा मिनिटांचं काम, त्यात सहा मिनिटं
माझा हात थरथरायचा थांबेपर्यंतची.

घड्याळ तीन दिवस माझ्याकडं राहतं,
पाठीवर, पोटावर, कुशीवर.
पहिल्या दिवशी चार मिनिटं मागं.
मागं पडणारच, पट्टी अजून त्याच्या चाकूनं ढकलली तिथंच आहे.
ती केसभर सरकवते, झोपते,
रात्री दोनला उठून बघते,
पुन्हा केसभर.
पट्टी मधोमध येते तेव्हा
रेडिओवर कझानची वेळ सांगतात आणि
काटा तिच्या तोंडावरच उभा असतो.

इल्गिझार येतो, कानाला लावतो.
हळू झालंय, म्हणतो.
हळू नाही, तुझ्या कानाला धापेची सवय झाली.
दिवसाला सहा सेकंद पुढं ठेवलंय.
अगदी बरोबर नाही लावता येत?
येतं. आज बरोबर लावलेलं
उद्या थकून मागं पडतं.
आमच्या खोलीत हे न सांगता ठरलेलं होतं,
थोडं पुढंच जाऊ द्यायचं घराबाहेर.

पैशांसोबत तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाळवलेला मासा ठेवतो.
मग खिशातून बाटली काढतो,
तळाशी बोटभर पिवळं तेल.
ही तुमच्याकडं असू दे, आपा.
माझा हात राहत नाही.

तो जातो. दार त्याच्यामागं कुरकुरतं,
यंदाच्या हिवाळ्यात जरा जास्तच.
बाटली खिडकीत आहे, हाताच्या अंतरावर.
मी भिंग डोळ्याला लावते
आणि पुढचं घड्याळ उघडते.