फुलदाणीतली वाळू

सकाळी साडेसात. करमळी.
पिशवीत काचपट्ट्या, सुया, स्पिरिटचा कापूस,
पांढरी पळी, टॉर्च,
आणि लोणच्याच्या जुन्या बरणीत चाळीस गप्पी मासे.
कुणी विचारलं तर सांगते, माझी पलटण.

मेल्ल्यांच्या दिसाला आठवडा उलटला.
सिमितेरीत शेवंती काळी पडली,
मेण थडग्यांवर ओघळून गोठलं,
फुलदाण्यांत पाणी मात्र तसंच.
टॉर्च मारला. वळवळ.
डोकं खाली, शेपटी वर : हे डेंग्यूचे.
मलेरियाचे पाण्यावर आडवे पडून असतात,
दुपारी जेवून पडलेल्या भाटकारासारखे.
सतरा वर्षं बघते आहे, अंधारातही चुकणार नाही.

पहिली फुलदाणी उलटी केली, तेवढ्यात
एश्पेरान्स माय काठी टेकत आली.
"गो बाय, मेल्ल्यांचें उदक ओतता कोण?"
थडगं तिच्या कायतानाचं होतं.
मी काचेची नळी उन्हात धरली.
तिनं चष्मा चाचपला, सापडेना,
माझाच काढून घातला.
बराच वेळ बघत राहिली.
"हांकां पाखां केन्ना फुटतलीं?"
म्हटलं, परवा.
तिनं क्रूस केला आणि चष्म्यासकट निघून गेली.
मागे धावावं लागलं.

टेकडीखाली इमारत उठते आहे.
पोहायचा तलाव आधी झाला, खिडक्या अजून नाहीत.
तिसऱ्या स्लॅबवर बांध घालून पाणी कोंडलेलं,
सिमेंट मुरावं म्हणून.
आडवे निजणारे इथं भेटले, शेकड्यांनी.
तिथून जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात.
शाळेत शिकवलं होतं, तापानं रिकामं केलं ते शहर.
रिकाम्या शहराला घंटा पुरतात.
आम्हाला नाही पुरणार.

रूपधर, वय एकोणीस, कोरापुटचा,
दिवसाआड थंडी वाजून ताप.
काचपट्टी पॉझिटिव्ह.
गावात बातमी पोचायला रिपोर्टची वाट बघत नाही कोणी.
तिंट्यावर चहा पिता पिता ठरलं :
खोपी हलवा, हेच घेऊन येतात.
मी म्हटलं, ताप त्यानं आणला असेल,
नाहीतर इथंच मिळाला असेल,
रक्ताला गाव विचारता येत नाही.
डास मात्र करमळीचा.
जन्मदाखला हवा तर देते :
तिसरा स्लॅब, आणि
पंचांच्या गच्चीवरची झाकण नसलेली टाकी.
एकजण हसला. पंच हसले नाहीत.
संध्याकाळी टाकीवर झाकण होतं,
वर चिऱ्याचा दगड.

चौदा दिवस गोळी.
चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि माणूस विसरतो,
ताप विसरत नाही,
यकृतात घडी घालून बसून राहतो.
म्हणून रोज जाते, समोर गिळायला लावते.
आता मी दिसले की तो आपणहून आ करतो,
जीभ वर, जीभ खाली, संपली.
नवव्या दिवशी म्हणाला,
दीदी, आमच्याकडे ह्याला जोरो म्हणतात.
आमच्याकडे जोर, मी म्हटलं.
दोघंही जरा गप्प झालो.
एवढा प्रवास करून एक शब्द
आजारीच पोचला होता.

रविवारी मिस सुटल्यावर
सिमितेरीच्या दारात अर्धं पोतं वाळू.
इमारतीवरून मागून आणलेली,
रूपधरनं खांद्यावर घालून पोचवलेली.
एश्पेरान्स माय जेवणाच्या चमच्यानं
फुलदाण्या भरत होती,
वाळू ओली करून त्यात झेंडू खोचत होती.
आधी कायतान,
मग सासू, जिच्याशी आयुष्यभर पटलं नाही,
मग पलीकडचे, ज्यांची पोरं लिस्बनला,
मग ते क्रूस, ज्यांवरचं नाव पावसानं नेलं.
"उबें रावतात मगो," म्हणाली. फुलांबद्दल.

मी विहिरीत दहा मासे सोडले.
एक सुळकन तळाला गेला,
बाकीचे काठाशी घोटाळत राहिले.
बरणीत उरले सात.
शाळेच्या विहिरीला दहा तरी लागतील.
उद्या बघू.