चित्राहुती

डॉक्टरने पहिल्या भेटीत तीनदा विचारलं, दारू?
तीनदा नाही म्हणालो.
चौथ्यांदा त्याने सुहासिनीकडे पाहिलं.
परळच्या त्या ओपीडीत, एकशेबारा नंबरचा पुकारा चालू असताना
ती एवढंच म्हणाली : ह्यांना ताकसुद्धा चढतं.

स्वादुपिंड.
एवढं चवदार नाव,
आणि ते माझ्यात आहे हे कळलं बावन्नाव्या वर्षी,
त्यात खडे झाल्यावर.
साखर मागोमाग आली,
न बोलावलेल्या मेहुण्यासारखी,
आणि राहिली.

आता ठाकुरद्वारच्या आमच्या स्वयंपाकघरात
सोनाराकडे असावा तसा काटा आहे.
भात ऐंशी ग्रॅम.
तेल चहाच्या चमच्याने, दिवसाचे तीन.
ज्या परभी घरात शिंगड्या तळायला घेतल्या
की दुपार कलायची,
तिथे सुहासिनी पापलेट हळदीच्या पानात वाफवते
आणि खिडकी लावून घेते,
वास बाहेर जाऊ नये, मला पुरावा म्हणून.

जेवणाआधी सुई. आज डावीकडे, काल उजवीकडे.
पहिल्या घासाबरोबर दोन कॅप्सूल, मध्ये एक.
विसरलो तर सकाळी
संडासातल्या पाण्यावर तवंग येतो,
काल जेवलेलं काही माझं झालं नाही.
आणि सुई जास्त झाली
तर रात्री तीनला घाम, बोटं थरथरतात,
ती दिवा न लावता उठते,
ग्लुकोज पाण्यात ढवळते.
त्या चमच्याच्या आवाजानेच
मी निम्मा शुद्धीवर येतो.

दुखतं त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतो,
पडलेलं नाणं शोधतोय असा.

पुतण्याच्या लग्नात शेजारच्या पानावर त्रिलोकेकर.
काय हो, कसल्या गोळ्या?
म्हटलं, डुकराच्या.
खरं तेच होतं. केमिस्टने सांगितलेलं,
डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात.
त्रिलोकेकर जरा सरकून बसले.
त्यांच्या पानातलं भानोलं
मी डोळ्यांनी अख्खं खाल्लं.

वडील जेवायला बसले की
ताटाभोवती पाणी फिरवायचे,
उजव्या अंगाला चिमूट चिमूट भात मांडायचे,
चित्राहुती.
कुणासाठी, मी कधी विचारलं नाही.
स्वतः कधी केलं नाही.
आता नेमक्या त्याच जागी कॅप्सूल असतात.
कुठलं तरी जनावर, न पाहिलेलं,
माझ्या घासाला आत पुढे होऊन भेटतं,
त्याला फोडतं, माझ्या अंगी लावतं.

काल त्या ऐंशी ग्रॅममधून
एक शीत उचलून बाजूला ठेवलं.
सुहासिनीने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
काय झालं?
काही नाही, म्हटलं.
आज एकोणऐंशी धर.