थंड पाणी

रक्ताला गरम पाणी दाखवायचं नाही.
चिपळूणला आजोबांनी एवढंच शिकवलं.
बाकीचं सोहारला येऊन शिकलो:
दिशदाशा ओलसर असतानाच दाबायचा,
पोलिसाच्या शर्टाला बाहीवर एकच घडी,
आणि गिऱ्हाईक बोलायला लागलं
की इस्त्री फिरती ठेवायची.

खलफान मला बरशू म्हणतो.
त्याच्या भाषेत प नाही, त्याला कोण काय करणार.
अकरा वर्षं झाली परशुरामाचा बरशू होऊन.
गुरुवारी रात्री शटर ओढता ओढता तो आला,
शर्ट कागदी पिशवीत, डावा दंड बांधलेला.
'शिवता येईल?'
एवढंच.

दुसऱ्या दिवशी हमदचा शर्ट आला,
त्याच्या भावाच्या हाती.
त्यावर काहीच नव्हतं.
पाठीवर घामाची पांढरी नक्षी तेवढी,
मिठागर सुकल्यासारखी.

मासळीबाजारात नूरुल मासे कापायचा.
सात महिन्यांचा पगार अडकलेला.
त्या रात्री बर्फाच्या खोलीत
मुकादमाला धरून बसला,
हातात सुरमईचा सुरा.
खलफान आत शिरला, पिस्तूल पट्ट्यातच.
बस भाई, पानी पी, म्हणाला,
येतं तेवढ्या हिंदीत.
सुरा फिरला. दंडाला लागला.
खलफान तरी म्हणाला, बस.
दारातून हमदने दोन गोळ्या घातल्या.

नूरुलची लुंगी फळीवर आहे.
निळी, चौकड्याची. दोनशे बैसा बाकी.

हमद स्वतः आला तो दहा दिवसांनी.
चौकशी चालू होती, साध्या कपड्यांत होता,
पंचविशीचा पोरगा, दाढी नीट कोरलेली.
मी विचारलं नव्हतं. तोच बोलला.
अर्धा सेकंद, म्हणाला.
मित्राचं रक्त दिसलं.
तू असतास तर?

मी असतो तर.
माझ्या हातावर वाफेचे सहा डाग आहेत.
मेहुणा बंदरावर परांचीवर चढतो,
त्याच्या करारात कलम आहे, धोका मान्य,
खाली सही, चांगली वळणदार,
शाळेत अक्षराचं बक्षीस होतं त्याला.
परांची हलली
तर तो गोळी कोणावर झाडणार?
वाऱ्यावर?
धोका पगारात धरलेला असतो म्हणतात.
मग हमदच्या पगारातला धोका
नूरुलच्या खात्यावर कसा पडला,
एवढं विचारायचं होतं.
अरबीत जुळवलंसुद्धा.

पण पोराचे हात काउंटरवर होते,
काचेखालच्या दरपत्रकावर,
आणि बोटं ठरत नव्हती.
शिवाय खरं सांगायचं तर
सुरा वीतभर वर लागला असता
तर ह्याच हमदला मी शिव्या घातल्या असत्या,
का नाही झाडलीस म्हणून.
हेही आहे.

मी शर्ट आणला. त्याने पाहिला,
खिशावरची इस्त्री बोटाने चाचपली,
राहू दे, म्हणाला. येतो.

खलफान काल येऊन गेला.
बाहीवरचे टाके दिसतात का,
आरशात वळून वळून बघत होता.
म्हटलं, का नाही काढलंस पिस्तूल?
त्याला माझी अरबी कळली नाही असं वाटलं.
मग बटण लावता लावता म्हणाला,
अंगात शर्ट माझ्या होता, बरशू,
त्याच्या नव्हता.
आणि पैसे मोजायला लागला.
पन्नास बैसा जास्तच दिले,
मी परत केले.

पावतीच्या तळाशी तीन भाषांत छापलंय:
चाळीस दिवसांनंतर आम्ही जबाबदार नाही.
आज एकेचाळिसावा.
दांडीवर हमदचा शर्ट,
खाली फळीवर ती लुंगी.
मालक म्हणतात, मोकळं कर.
मी दोन्हींवरचं प्लास्टिक
तेवढं बदललं.