सावली काढली त्या आठवड्यात

सोमवारी आम्ही सावली काढून टाकली.
चिन्हांखालची, बारीकशी,
बटण बटणासारखं उठून दिसावं म्हणून
कुणीतरी कधीकाळी ठेवलेली.
मग कोपरे आणखी गोल केले,
हिरवा चार पाण्यांतून धुतला,
सगळ्यावर एक काच पसरली
आणि ऐरोलीतल्या सहाव्या मजल्यावर
आमच्यासाठी आम्हीच टाळ्या वाजवल्या.
बीटा गेली.

मंगळवारपासून लोक बोलू लागले.
कळव्याचे सामंत, जन्मभर नकाशे काढलेले:
घड्याळाचे आकडे मागच्या फोटोत बुडतात हो,
नातवाचा सदरा पांढरा आहे,
त्याच्या पोटावर किती वाजले ते कळत नाही.
नेरूळची एक मुलगी: कसलं देखणं!
आणि तासाभराने तीच:
जुनं परत कसं आणायचं?
कोपरीहून कुणीतरी, नाव नाही,
नुसतं: का?

'का'साठी आमच्या तक्त्यात रकाना नव्हता.
मी ते 'इतर'मध्ये टाकलं.

नचिकेत म्हणतो, तीन आठवडे ओरडतात,
मग बोटं शिकतात.
खोटं नाही ते.
माझी बोटं तर इतकी शिकलीत
की गेल्या वर्षीचा पडदा कसा होता
मला आठवत नाही,
आणि तो मीच काढला होता.

शुक्रवारी दिवागावात, चांगुबायच्या पाटीपुढे,
तिने ओला हात लुगड्याला पुसून
फोन माझ्यापुढे धरला.
प्रणितने, नातवाने, चढवली होती बीटा,
सगळ्यांच्या आधी मिळते म्हणून.

"मना वाचता नय येत, तुला म्हायती हाय.
हिरवा पान म्हंजे पैसं.
निला थेंब म्हंजे पोरगी, उरनची.
आता सगलाच पान्यान् भिजल्यावानी.
सकालपासून तिगांनी पैसं टाकलं म्हनं.
कोनाला दिसलं?"

मी म्हणाले नाही, ते पान माझं आहे.
म्हणाले नाही की त्या हिरव्यावर
आम्ही अकरा दिवस भांडलो,
आणि जिंकलेला हिरवा
तिथल्या खुर्चीत, एसीत, खरंच सुरेख दिसत होता.
इथे ऊन होतं, बर्फ होता,
पडद्यावर एक खवला चिकटला होता.

तिने बांगड्याचा कल्ला उचलून दाखवला.
"यो लाल बग. यो फिका परला
का गिऱ्हाईक फुरं जातं.
चांगला चाललेला.
कनाला हात लावला?"

पारदर्शकता कमी करायची सोय आहे,
मला माहीत आहे, कारण ती चार पडदे आत
ठेवू या असं मीच म्हणाले होते.
पाटीशी उकिडवं बसून
मी ती शोधू लागले.
दोनदा भलतीकडे गेले.
बटण तिथेच होतं,
सावली नसल्यामुळे
मला ते नुसतं अक्षर वाटत होतं.
मागे एक बाई सुरमईचा भाव विचारून
थांबून, निघून गेली.

पान थोडं हिरवं झालं.
पूर्वीइतकं नाही.
चांगुबायने डोळे बारीक करून पाहिलं,
"चालल," म्हणाली,
आणि दोन बांगडे जास्तीचे टाकले,
जे मी घ्यायला नको होते.
"तुज्या हाफिसान कोन वलकीचा असल,
तं सांग त्याला."
सांगते, म्हणाले.

पुढच्या सोमवारी विचारलं नचिकेतला,
हिरवा थोडा गडद केला तर?
त्याने मान वर न करता विचारलं,
आकडे काय म्हणतात?
एक, मी म्हणाले.
तो हसला. चांगला माणूस आहे,
मुलाच्या शाळेची फी भरत होता,
आणि बघितलं तर
त्यालाही 'पुढे' सापडत नव्हतं.

दुपारी मी तक्त्यात एक नवा रकाना केला.
कोपरीचा 'का?' 'इतर'मधून उचलून त्यात ठेवला.
त्याच्याखाली 'कनाला हात लावला?'
रकाना अरुंद आहे.
तिचं वाक्य उजवीकडे पोचेपर्यंत
गोल कोपऱ्यात
प्रश्नचिन्ह कापलं जातं.