आटीची पट्टी

उद्यमबागेत, ओतशाळेच्या माडीवर
आमची चौघांची कंपनी.
खाली भट्टी पेटली
की वर माऊसखालचं टेबल कोमट होतं.

फळ्यावर संगमेशनं लिहिलंय:
विंडोज अकरा, दहा, सात. लिनक्स. मॅक.
सातच्या पुढे प्रश्नचिन्ह.
मॅकच्या पुढे कुणीतरी चहाचा कप काढलाय.

सात टाकून देऊ, तो म्हणतो.
बत्तीस बिटांचं लोढणं कुठवर ओढायचं?
प्रत्येक बदल दोनदा बांधायचा, चारदा तपासायचा,
तीन रविवार गेले एका दशांशचिन्हापायी,
जे फक्त जुन्या यंत्रावर
शेपूट फुटून स्वल्पविराम व्हायचं.
रागावला की तो कन्नडमध्ये तास मोजतो,
मी मराठीत गप्प बसते.

सुनीतीला लिनक्स हवंय.
किती गिऱ्हाइकांनी मागितलं?
एकानं.
कोण?
मीच.

हिशेब मी मांडला होता:
दोनशे सहा परवाने,
त्यातले सातवाले एकोणीस.
एकोणीस म्हणजे किती, ते कागदावर कळेना,
म्हणून गुरुवारी स्कूटर काढली
आणि मच्छ्याला गेले, ओमाण्णांच्या पॅटर्नशॉपमध्ये.

दारावरची पाटी: वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक,
दोन्ही एकाच हातानं रंगवलेलं,
दोन्हीकडे रंग सारखाच उडालेला.
आत सागाचा भुसा, फेविकॉलचा वास,
आणि कोपऱ्यात, जुन्या परकराचं झाकण घालून,
तो.
पंखा सुरू व्हायला त्याला बोटाचा धक्का लागतो.
मागून पंचवीस पायांची जाड केबल
लाकूड कोरणाऱ्या यंत्रात शिरलेली.
नव्या संगणकाला तसं भोकच नसतंय हो, ओमाण्णा म्हणाले,
आणि हे यंत्र तर अजून फिरूलालंय.

पडद्यावर आमचंच सॉफ्टवेअर.
भागांची नावं चौकोन चौकोन दिसत होती.
कन्नडचे चौकोन कुठले, मराठीचे कुठले
ते त्यांना पाठ होतं.
दुरुस्त करून देते म्हटलं, तर म्हणाले,
ते असू दे, माप बरोबर येतंय.

मग भिंतीवरची पितळी पट्टी काढून
माझ्या हातात दिली.
वडिलांची. आटीची पट्टी.
साध्या पट्टीला लावून बघा, म्हणाले.
लावली. फुटाला रेघभर लांब.
मुद्दाम चुकीची केलेली.
बीड निवताना जेवढं आकसतं
तेवढं हिनं आधीच धरलेलं.

आमच्या प्रोग्रॅममध्ये हे एक खाणं आहे,
शेकडा एक, मीच टाइप केलेलं,
सात वर्षांपूर्वी, जेवायच्या घाईत.
पट्टी परत देताना
बोटांना पितळेचा वास राहिला.

शुक्रवारची बैठक लांबली.
लिनक्स नाही, निदान यंदा नाही.
सुनीतीनं मान हलवली आणि लॅपटॉप थोडा वळवला,
त्यावर ते आधीच निम्मं चालत होतं.
सातसाठी नवं काही करायचं नाही,
जुनं मोडलं तर जोडून द्यायचं.
किती दिवस? संगमेशनं विचारलं.
मला तारीख सांगता आली नाही.
यंत्र फिरतंय तोवर, म्हणाले,
आणि ते वाक्य करारात कसं लिहायचं
यावर आणखी एक तास गेला.

शनिवारी तो उशिरा आला.
हातात भंगारातून उचललेला एक सातवाला,
बावीसशे रुपये, पावती नाही.
तपासायला लागेल ना, म्हणाला,
माझ्याकडे न बघता.
झाकण उघडून टेबलावर उपडा केला
तर आतून मूठभर काळी वाळू पडली,
ओतशाळेतली.
कुठल्या ओतशाळेतली
ते विचारायला खालचा माणूस वर आला,
चिमटीत घेऊन चोळली, हुंगली,
आपली नव्हे, म्हणाला,
आणि जाताना
पंख्याला बोटानं धक्का देऊन गेला.