जमतं

वुल्व्हरहॅम्प्टन. तळमजला, हीटर जास्त.
आत्याच्या कार्डिगनचं वरचं बटण तिचं,
खालची चार माझी.

बाई टाइप करता करता विचारते,
स्वयंपाक करता येतो का.
आत्या म्हणते, जमतं.

या शब्दाचं इंग्रजी काय करू?
त्यात स्टुलावर बसून अर्धाच चिरलेला कांदा आहे,
बोटांतून सुटलेली सुरी,
शेजारच्या डोरीनने उघडून दिलेली बरणी,
आणि मग, मायक्रोवेव्हमधला भात.
मी म्हटलं, येस, शी मॅनेजेस.
एक कळ वाजली. शून्य.

गाडीपासून दारापर्यंत किती, हेही विचारलं.
वीस मीटरच्या आत बारा गुण, पलीकडे दहा.
मध्ये कुंपण धरून ती दोनदा थांबली होती,
मला चिमणी दाखवत.
चिमणीला रकाना नव्हता.

पत्र सहा आठवड्यांनी. रोजच्या कामांचे सहा गुण.
आठ असते तर दर आठवड्याला काहीतरी मिळालं असतं.
आता फेरविचाराचा अर्ज, निळं पेन, तिचं जेवणाचं टेबल.
आत्या, पहिला प्रश्न स्वयंपाकाचा. खरं सांग हं.

ती टेबलाला धरून उठायला लागते.
थांब गं, आधी चहा टाकते तुला.